तायड्यांची चार फूट जागा

सकाळी सहाला आमच्या गावच्या स्टेशन रोडवर कोणी नवखा माणूस उतरला, की त्याला सगळ्यात आधी तायडे दिसत. वाकलेले. पॅन्ट घोट्याच्या वर दुमडलेली, डोक्याला उपरणं, हातात काठी आणि काठीच्या टोकाला बांधलेला वनस्पती तुपाचा जुना डबा. डब्याच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडलेली. तायडे डबा हलवत चालत आणि त्यांच्यामागे जमिनीवर चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ उमटत जाई, कबड्डीच्या मैदानावर मारतात तशी. दुकानांच्या ओट्यांपासून बरोबर चार फुटांवर. बस स्टँडच्या कोपऱ्यापासून सरकारी दवाखान्याच्या फाटकापर्यंत.

“सामने हायेत का हो आज?” एका प्रवाशानं एकदा विचारलं होतं.

“रोजच हायेत,” तायडे मान वर न करता म्हणाले. “माणूस विरुद्ध ट्रक. माणूस हारून राह्यला.”

दहा वाजेपर्यंत ती रेघ टायरांना चिकटून गावोगाव निघून गेलेली असे. दुसऱ्या दिवशी सकाळी तायडे डबा भरून पुन्हा हजर.

गावाचं नाव सांगत नाही. नांदुऱ्याहून फार लांब नाही, एवढं पुरे. मला अजून पेन्शन खायची आहे.

सुखदेव तायडे आमच्या नगरपरिषदेत अनुरेखक होते. बोलीभाषेत ट्रेसर. इंजिनिअर पेन्सिलीनं नकाशा काढतो, ट्रेसर त्यावर पातळ कागद टाकून शाईनं तो गिरवतो, आणि मग त्या कागदाच्या निळ्या प्रती निघतात. “सायब चितारते, मी गिरवतो,” असं ते स्वतःच्या हुद्द्याबद्दल सांगत. त्यांच्या हाताची रेघ अशी सरळ, की आमच्या ऑफिसातली तेवढी एकच गोष्ट सरळ होती असं लोक म्हणत. मी आवक-जावक बाबू, राऊत. येणाऱ्या कागदाला शिक्का मारायचा, जाणाऱ्या कागदाला शिक्का मारायचा, मध्ये त्याचं काय होतं ते विचारायचं नाही. एकोणीस वर्षं आमची टेबलं शेजारी होती.

तायडे वाहनात बसत नसत. मी स्कूटर थांबवून म्हणे, “बसा तायडे, सोडतो.”

“नाही बाबू. आज मले घाई हाये.”

आणि खरोखरच ते माझ्याआधी पोचत. माझी स्कूटर आधी आडवी करावी लागे, मग सात-आठ लाथा, मग चौकात कापसाचा ट्रॅक्टर अडकलेला असे त्याच्यामागे धूर खात उभं राहणं. माझ्या घरापासून ऑफिस म्हणाल तर जरा मोठ्यानं हाक मारली तर ऐकू जाईल एवढंच. डॉक्टरांनी मला साखरेसाठी रोज चालायला सांगितलं होतं. मी ते तायड्यांना सांगण्याची चूक केली. तेव्हापासून ते रोज माझ्या पायांकडे पाहून हळहळत. “इतके कोरे करकरीत पाय ठेवले बाबू तुम्ही. वापरा कधीतरी.”

कुठल्याही प्रश्नावर त्यांचं एक ठरलेलं उत्तर होतं. तब्येत कशी आहे विचारलं तरी तेच आणि पावसापाण्याचं विचारलं तरी तेच. “बाकी सारं बराबर हाये बाप्पा. चार फूट कमी हाये.”

दर सोमवारी ते माझ्यासमोर अर्ज घेऊन उभे राहत. आमची टेबलं शेजारी असली, तरी हात लांबवून देत नसत. उठून, वळसा घालून, समोर येऊन उभे राहत, कारण त्या वेळी ते कर्मचारी नसत, नागरिक असत. विषय: स्टेशन रोडच्या दोन्ही बाजूंस पायी चालणाऱ्यांकरिता चार फूट जागा राखून ठेवणेबाबत. मी शिक्का मारी, नंबर टाकी. अर्ज मुख्याधिकाऱ्यांकडे जाई. ते न वाचता लिहीत, ‘बांधकाम, अहवाल द्या.’ बांधकामचे इंजिनिअरसाहेब न वाचता लिहीत, ‘अनुरेखक, स्थळपाहणी करून कच्चा नकाशा जोडा.’ आणि आमचे शिपाई चांदभाई ती फाईल आणून तायड्यांच्याच टेबलावर ठेवत.

मग तायडे टेप घेऊन स्थळपाहणीला निघत. परत येऊन अहवाल लिहीत: ‘अर्जदारास समक्ष भेटलो. अर्जदार हे समंजस गृहस्थ असून त्यांचे म्हणणे रास्त दिसते.’

“तायडे, सोताच सोताले समंजस लिहून राह्यले?” मी एकदा विचारलं.

“चौकशी केली ना बाबू. सारी गल्ली म्हणते, माणूस चांगला हाये.”

फाईल वर जाई आणि महिन्याभरात ‘नस्तीबद्ध’ असा शेरा घेऊन खाली येई. नस्तीबद्ध म्हणजे कागद दोरीनं बांधून कपाटात ठेवायचा आणि कपाट विसरायचं. मग अर्जदाराला तसं कळवणारं पत्र मीच टाईप करी, जावक नंबर टाकी आणि चांदभाई ते दोन हातांवरच्या तायड्यांकडून सही घेऊन त्यांना देत. तायडे चष्मा लावून पत्र पूर्ण वाचत आणि कळवळून म्हणत, “पाहा चांदभाई, काय लोकं बसले हायेत ऑफिसात!”

आम्ही हसायचो. मी सगळ्यात जास्त. हे आज सांगताना मला लाज वाटते.

तायड्यांचं म्हणणं मात्र वेडगळ नव्हतं. स्टेशन रोड पूर्वी अरुंद होता, पण त्याच्या दोन्ही अंगांना मातीची पट्टी होती आणि पट्टीवर कडुनिंबं होती. लोक त्या सावलीतून चालत. बाया डोक्यावर भारे घेऊन चालत, पोरी शाळेत जात, म्हातारे जेवण झालं की स्टेशनापर्यंत जाऊन गाडी पाहून येत. त्याला कोणी व्यायाम म्हणत नव्हतं. मग कापसाचं नवं बियाणं आलं. बीटी. पहिली दोन-तीन वर्षं असा कापूस पिकला, की खेड्यापाड्यांत घराघरासमोर मोटरसायकली उभ्या राहिल्या, हार घातलेल्या, हळदीकुंकू लावलेल्या. सरकी काढायच्या जिनिंगकडे जाणाऱ्या ट्रकांना वळायला रस्ता पुरेना. तेव्हा नगरपरिषदेनं स्टेशन रोड रुंद केला. कडुनिंबं पडली, मातीची पट्टी डांबराखाली गेली, आणि डांबर थेट ओट्यांना जाऊन भिडलं. ट्रकाला जागा झाली, गाड्या लावायला जागा झाली. पायी चालणारा तेवढा मध्येच उरला, इकडून हॉर्न आणि तिकडून गटार. डांबर पडलं त्याच्या पुढच्या सोमवारी तायड्यांचा पहिला अर्ज माझ्या टेबलावर आला.

लोक चालेनासे झाले आणि मग शहाण्या लोकांच्या लक्षात आलं, की चालायला पाहिजे. नगरपरिषदेनं गावाबाहेर, तलावाच्या बाजूला जॉगिंग ट्रॅक बांधला. गोल. लाल रंगाच्या फरशांचा, बाकड्यांसकट. तिथं पायी जायला रस्ता नव्हता, म्हणून सगळे गाडीवर जात. आमचे मुख्याधिकारी जीपनं जात. ड्रायव्हर जीप चालू ठेवून बसे, साहेब चार फेऱ्या मारत आणि घाम पुसत जीपमध्ये बसत. उद्घाटनाला तायड्यांनाही बोलावलं होतं, ट्रॅकचा नकाशा त्यांनीच गिरवला होता. ते पायी आले, तासभर उशिरा, गुडघ्यापर्यंत धुळीनं माखून.

“कसा वाटला ट्रॅक?” साहेबांनी विचारलं.

“लय झकास सायब. पन हा कुठी जाते?”

“जायचं कुठे? फिरायचं.”

“हाव. गाडीवर याचं, गोल गोल फिरून होतो तिथंच याचं, अन् गाडीवर जाचं. आमच्या गावात हे काम बैल करे, तेलाच्या घाण्यावर.”

त्या महिन्यात तायड्यांना खुलासा मागवणारी नोटीस गेली. तिच्यावरही मीच नंबर टाकला.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर एका सकाळी कौसल्यावहिनींना लकवा मारला.

कौसल्यावहिनी म्हणजे तायड्यांच्या पत्नी. मूलबाळ नव्हतं. स्टेशन रोडवरच, बुद्धविहाराच्या पुढं, दोन खोल्यांचं घर. एक पायरी उतरली की डांबर. वहिनी बोलायला खणखणीत. तायडे ऑफिसात जितके बोलत तितके घरात गप्प, कारण तिथं त्यांची पाळीच येत नसे. डावा हात, डावा पाय गेला, जीभ जड झाली. अकोल्याला पंधरा दिवस राहून आले. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, आता पाय तुमच्या हातात. रोज सकाळ-संध्याकाळ सपाट जमिनीवर अर्धा अर्धा तास चालवा, सहा महिन्यांत पाय परत येईल. नाही चालवलं, तर पाय कायमचा गेला समजा.

सपाट जमीन. तायडे ऑफिसात आल्यावर हे शब्द दोन-तीनदा पुटपुटले. त्यांच्या दोन खोल्या मिळून आठ पावलं होत, त्यात मध्ये उंबरा. मागं दुसऱ्याची भिंत. पुढं स्टेशन रोड.

“ट्रॅकवर न्या ना रिक्षानं,” मी म्हणालो.

“रोज दोनदा? तिले रिक्षात चढवता चढवताच अर्धा तास जाते बाबू.” मग म्हणाले, “दारातून निंघून चालाले पाह्यजे माणसाले. दारातून.”

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी फक्कीची पहिली रेघ मारली.

त्यांचं गणित साधं होतं. रेघ पाहिली की मोटरसायकलवाला जरा बिचकतो. काही तरी सरकारी असेल असं त्याला वाटतं. तेवढा वेळ पुरे. सहाला रेघ मारायची, सव्वासहाला वहिनींना उतरवायचं. वहिनींच्या उजव्या हातात काठी, डाव्या बगलेखालून तायड्यांनी घातलेलं उपरणं, आणि उपरण्याची दोन्ही टोकं धरून तायडे पाठीमागून. वहिनी पुढं, तायडे मागं. एक पाऊल टाकलं की दुसरं ओढायचं. पहिल्या दिवशी शेजारच्या पानठेल्यापर्यंत. पंधरवड्यानं पिठाच्या गिरणीपर्यंत. मी एकदा सकाळच्या गाडीला पाहुणे सोडायला गेलो तेव्हा ही जोडी पाहिली. वहिनींनी मला पाहून काठी उचलली आणि जड जिभेनं म्हणाल्या, “भाऊजी, पाहा. बैल मी, अन् कासरा याईच्या हातात.”

“खोटं हाये बाबू,” तायडे म्हणाले. “जिकडं बैल जाते तिकडंच मी जाऊन राह्यलो.”

चार महिन्यांत त्या दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन परत यायला लागल्या. डाव्या पायाचा अंगठा हलायला लागला. तायड्यांनी ही बातमी मला ऑफिसात दिली ती एखाद्याच्या घरी मुलगा झाल्यासारखी, आणि चांदभाईंना पेढे आणायला पिटाळलं. सोमवारचे अर्ज चालूच होते, पण आता त्यांचा अहवाल वाचताना मला हसू येत नसे.

मग जून आला.

त्या वर्षी एका ठरावीक वाणाच्या बीटी बियाण्याचा तुटवडा होता. तेच पाहिजे, दुसरं नको, असं सगळ्या तालुक्यानं मनाशी धरलेलं. स्टेशन रोडवरच्या कृषी केंद्रात माल येणार अशी आवई उठली आणि खेड्यांतून माणसं अंधारातच निघाली. आमच्याकडे रांगेची एक रीत आहे. रांगेत माणसानं उभं राहिलंच पाहिजे असं नाही. चप्पल ठेवायची, नाहीतर एखादा दगड, नाहीतर सातबाऱ्याची पिशवी वजन ठेवून. वस्तू ठेवली की नंबर लागला. माणूस एखाद्या ओट्यावर जाऊन बसतो. कोणी कोणाची चप्पल मागं सारत नाही.

त्या दिवशी तायड्यांनी सहाला रेघ मारली आणि ते वहिनींना आणायला घरात गेले. तेवढ्यात पहिले शेतकरी पोचले. त्यांना काय दिसलं? कृषी केंद्राच्या दारासमोरून गेलेली कोरी, सरळ, पांढरी रेघ. त्यांना वाटलं, यंदा तहसीलनं व्यवस्था केली. पहिल्यानं रेघेच्या आत चप्पल ठेवली, दुसऱ्यानं दगड, आणि दहा मिनिटांत चार फुटांची ती पट्टी दूरपर्यंत चपला, दगड, पिशव्या, टोप्या यांनी भरून गेली. इतकी शिस्तीची रांग आमच्या गावात कधी लागली नव्हती.

तायडे वहिनींना घेऊन उतरले तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. पुढचं मला चांदभाईंनी सांगितलं, ते तेव्हा सायकलवरून चालले होते. वहिनी म्हणाल्या, “राहू द्या आजच्या दिवस.” तायडे म्हणाले, “एक दिवस सुटला की पाय विसरते.” त्यांना कोणाची चप्पल सारायची नव्हती. कितीही तिरसट असले तरी त्यांना माहीत होतं, त्या चपलेमागं कोण बसलं आहे. म्हणून ते रेघेच्या बाहेरून निघाले, डांबरावरून. दहा-बारा पावलं झाली असतील. मागून मोटरसायकल आली. धक्काही नीट लागला नाही, आरशाची दांडी उपरण्यात अडकली इतकंच. वहिनी डाव्या अंगावर पडल्या.

ओट्यांवरचे सगळे धावत आले. एका शेतकऱ्यानं त्यांना पाठुंगळी घेऊन दवाखान्यापर्यंत नेलं, अनवाणी, कारण त्याची चप्पल रांगेत होती. तो परत येईपर्यंत माल संपला होता. जायच्या आधी तो तायड्यांसमोर हात जोडून उभा राहिला. “माफी करा काका. आमाले वाटलं, सरकारी रेघ हाये.”

“तुमचं काय चुकलं बाप्पा,” तायडे म्हणाले. “रेघ मारणाऱ्याचं चुकलं.”

खुब्याचं हाड मोडलं होतं. जुळलं, पण वहिनींचं मन जुळलं नाही. ज्या बाईचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जाई, ती पायरीवर काठी टेकवली की थरथरायला लागे. गाडीचा आवाज आला की डोळे मिटून घेई. तायड्यांनी महिनाभर विनवलं. मग दारात एक खुर्ची ठेवली. वहिनी तिच्यात बसून रस्ता पाहत. अंगठा हलायचा थांबला. तायड्यांनी डबा आणि काठी कुठं टाकली ते मला माहीत नाही, पण फक्कीची रेघ त्यानंतर कोणी पाहिली नाही.

त्यानंतरची वर्षं सगळ्यांनाच वाईट गेली. बोंडात गुलाबी अळी निघाली, जी या बियाण्यावर येणारच नाही असं सांगितलं होतं. हार घातलेल्या मोटरसायकली फायनान्सवाले उचलून घेऊन गेले. माणसं पुन्हा पायी गावात यायला लागली, बाजाराला, दवाखान्याला, तहसीलला. पण पूर्वी ज्या कडेनं ती यायची, ती कड आता नव्हती. हॉर्न वाजला की बिचारी एकामागे एक गटाराच्या काठावर अंग चोरून उभी राहत. तायडे खिडकीतून ते पाहत बसत. कामात मन नसे. अर्ज मात्र सोमवारी यायचाच.

त्यांच्या निवृत्तीचा दिवस आला. आमच्याकडे निरोप समारंभ ठरावीक असतो. शाल, नारळ, हार, एक घड्याळ, आणि जो माणूस तीस वर्षं कोणाला आवडला नाही त्याच्याबद्दल सगळ्यांनी चांगलं बोलणं. मुख्याधिकारी नवे होते, सभ्य होते. ते म्हणाले, “मी रेकॉर्ड पाहिलं. तायडेसाहेबांच्या एवढ्या वर्षांच्या नकाशांत एकही खाडाखोड नाही. याला म्हणतात काम.” टाळ्या पडल्या.

तायडे उत्तराला उठले. आम्हाला वाटलं, आता चार फूट निघणार. चांदभाईंनी मला कोपरखळीसुद्धा मारली.

“एक हाये सायब,” ते म्हणाले. “एक खाडाखोड हाये.”

त्यांनी टेबलाखालून कागदाची जुनी गुंडाळी काढली. स्टेशन रोड रुंद केला त्याचा मूळ नकाशा. उलगडून आधी आमच्यासमोर धरला. नेहमीसारखा स्वच्छ, सरळ. मग ते खिडकीपाशी गेले आणि कागद उजेडात धरला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कागदावर दोन लांब खरबरीत पट्टे दिसले, जखम भरून आल्यावर कातडी दिसते तसे.

“शाई रबरानं निंघत नाही,” ते सांगू लागले, शांतपणे, नव्या माणसाला काम शिकवावं तसं. “ब्लेडनं हळू हळू खरवडा लागते. मंग नखानं घासलं की वरून कोनाले समजत नाही. पयल्या नकाशात दोन्हीकडून चार चार फूट होते. पायी चालनाऱ्याइचे. झाडंबी होते. मीच गिरवले होते. तवाचे सायब म्हने, ट्रकाले जागा पाह्यजे, दुकानदार बोंबलतीन, काढून टाक. मी काढले. एक अक्षर बोललो नाही. सायब होते, मी ट्रेसर. अर्ध्या तासात दोन्हीकडचे काढले, अन् इतके साफ काढले की सायबानं माही पाठ थोपटली.”

त्यांनी नकाशा पुन्हा गुंडाळला.

“डांबर पडलं तवापासून अर्ज करून राह्यलो. आपुन पुसलेलं आपुनच मांगून राह्यलो. मंग आमच्या घरी असं झालं. तिचा पाय मी घेतला सायब. तिले हे अजून सांगतलं नाही.”

ते खाली बसले. आभार मानायचे राहिले. कोणालाच काय करावं ते कळेना, म्हणून मुख्याधिकाऱ्यांनी त्यांच्या अंगावर दुसऱ्यांदा शाल घातली.

निवृत्त माणसाला साहेबांच्या जीपमधून वाजतगाजत घरी पोचवायची पद्धत आहे. जीप हारांनी सजवून उभी होती. तायडे म्हणाले, “मी पायीच जाईन.” मुख्याधिकारी म्हणाले, “चला, आम्हीही येतो.” सगळं ऑफिस स्टेशन रोडवर पायी निघालं. मी सहाशे सोमवारांचे अर्ज शिक्के मारून आत घेतले होते, पण त्या रस्त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा चाललो. पहिल्याच ट्रॅक्टरला मिरवणूक मोडली. इंजिनिअरसाहेबांचा एक पाय गटारात गेला. लेखापाल भज्यांच्या कढईवर पडता पडता वाचले. एकमेकांशी बोलणं शक्यच नव्हतं, सगळे एकामागे एक, खांदे आखडून. जिनिंगच्या वळणापर्यंत निम्मे लोक काही ना काही काम आठवून परत फिरले, आणि तायड्यांच्या दारापर्यंत मी एकटा उरलो, हातात नारळ आणि घड्याळाचं खोकं घेऊन.

वहिनी खुर्चीत बसल्या होत्या. केस विंचरलेले, बरं लुगडं नेसलेल्या. शेजारणीनं नेसवलं असावं.

“झालं भाषन?” त्यांनी विचारलं. शब्द ओढत बोलत, पण स्पष्ट. “काय बोलले?”

मी म्हणालो, “वहिनी, मी निघतो.” तायड्यांनी माझं मनगट धरलं. एकट्यानं सांगायची त्यांची छाती होत नव्हती. मग ते पायरीवर, वहिनींच्या पायांशी बसले आणि हारासकट, मान खाली घालून, त्यांनी सगळं सांगितलं. ऑफिसात सांगितलं होतं त्याहून कमी शब्दांत.

वहिनी रस्त्याकडे पाहत राहिल्या. एक बस गेली, दोन मोटरसायकली गेल्या. मला वाटलं, त्यांना नीट समजलं नसेल.

“त्या चार फुटात,” त्यांनी विचारलं, “आपुन दोघं मावलो असतो?”

“मावलो असतो.”

“मांगं-समोर नाही. बाजूबाजूनं.”

“बाजूबाजूनं,” तायडे म्हणाले. “आरामात.”

वहिनी माझ्याकडे वळल्या. “बत्तीस वर्षं झाले लग्नाले, भाऊजी. आधी हे समोर, मी मांगं. मंग मी समोर, हे मांगं. याईच्या बाजूनं मी कधी चाललीच नाही. चालता चालता याईचं तोंड कसं दिसते, मले माहीतच नाही.”

तायड्यांनी वहिनींच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि भर रस्त्यावर, दिवसाढवळ्या, मोठ्यानं रडायला लागले. पानठेल्यावरची माणसं वळून पाहू लागली. वहिनींनी उजवा हात उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवला.

“उगे राहा,” त्या म्हणाल्या. “लोकं पाहून राह्यले.”

आणि हात तसाच ठेवला.